पाच मिनिटांनी शटर बंद

देऊळघाटचा नागसेन आयटीआय करून बुलढाण्यात घरांना कॅमेरे आणि मोबाईलवर चालणारी शटरं बसवायचा. नवं घर हाती घेतलं की आधी अर्धा तास तिथं नुसता बसायचा. कोण कुठल्या दारानं येतं, गाडी कधी निघते, हे पाहायचा आणि मगच फोनमध्ये नियम घालायचा. दिवाळीच्या गर्दीत मात्र हे बसणं राहून गेलं.

भगवानरावांचं घर त्याच गर्दीतलं. गाडीचं पार्किंग घराला चिकटून, मधलं दार थेट स्वयंपाकघरात. मुलगा हर्षल पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा शटर उघडं टाकून विसरतात. पाच मिनिटांनी आपोआप बंद होऊ दे." नागसेननं तसं करून दिलं.

आज गुरुवारी सकाळी तो कॅमेऱ्याची काच पुसायला आला होता. भगवानरावांच्या पत्नी मनकर्णाबाईंनी चहा दिला.

"काका दिसून नाही राह्यले, काकू?"

"गाडीत बसले असतीन. हर्षल येत नाही, गाडी पडून राह्यते. बॅटरी उतरू नये म्हनून दर गुरुवारी घंटाभर चालू ठेवतेत, पेपरही तिथंच वाचतेत. माह्यापाशी येवढं कधी बसले नाहीत." त्या हसल्या. "तुह्यं शटर खाली येते थे बरंच, म्हनतेत. थंडी लागत नाही. पन महिना झाला, डोकं धरूनच बाहेर येतेत. मलेही गरगरते. म्या म्हटलं, चष्म्याचा नंबर वाढला असंन."

नागसेननं कप खाली ठेवला. फोनमधल्या नोंदी वर सरकवल्या. दर गुरुवारी नऊला शटर उघडलेलं, नऊ पाचला बंद. आजही तसंच. आता नऊ चौतीस झाले होते. मधल्या दाराआड इंजिनाची बारीक घरघर चालू होती.

त्यानं दार ढकललं. गाडीच्या धुराची कोंडलेली ऊब अंगावर आली. फोनवरून शटर वर घेत तो गाडीकडे धावला. भगवानरावांचं डोकं स्टेअरिंगवर टेकलं होतं, पेपर पायांत पडला होता. त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. मनकर्णाबाई मागोमाग धावत आल्या, दोघांनी मिळून त्यांना ओढत अंगणात आणलं. एकशे आठला फोन लावला. बऱ्याच वेळानं भगवानरावांचे ओठ हलले.

"काऊन बे... शटर काऊन उघडलं?"

मनकर्णाबाई त्यांचे तळवे चोळत राहिल्या. अँब्युलन्सची वाट पाहत नागसेननं तो नियम काढून टाकायला बोट टेकवलं. पडद्यावर ओळ आली: हा नियम आणखी अकरा घरांत चालू आहे.

त्याच दिवाळीत त्यानं तो जसाच्या तसा सगळीकडे टाकला होता.

त्यानं अकराही घरांत नियम बंद केला. पण आधीच खाली आलेली शटरं तेवढ्यानं वर जाणार नव्हती. एकेक घर उघडून तो नोंदी पाहू लागला. चौथं घर धाड रस्त्यावरच्या सिंधूताईंचं. त्या एकट्याच राहायच्या. आज शटर उघडलं नऊ एकोणतीसला, बंद नऊ चौतीसला; गाडी बाहेर पडताना कॅमेऱ्यात कुठंच दिसत नव्हती. त्यानं शटर वर घेतलं आणि फोन लावला.

रिंग वाजत राहिली.