डॉक्टरकाकांचं खारं रोप

डॉक्टरकाकांना गाडीत शेजारी बसवलं की माझं डोकं उठायचं. भर मोटरवेवर हा माणूस खिडकीला नाक लावून ओरडायचा, "अगं, स्लो डाउन! ती बघ पांढरी फुलं!" मागचा ट्रक हॉर्न देतोय आणि यांना फुलं सुचतायत!

बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलातून रिटायर झाले, काकू गेल्या, आणि काकांना या रोपाने पछाडलं. ते मूळचं समुद्रकाठचं. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने कडेचं गवत मरतं आणि हे मात्र फोफावतं. गाड्यांच्या वाऱ्याने बी पुढे पुढे जातं. मी हे इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. "कुणी बोलावलं नव्हतं, तरी कसं सेटल झालंय बघ," हे वर ठरलेलं. आता काका नाहीत, तरी ती पांढरी ओळ दिसली की माझा पाय ब्रेककडे जातो आणि मी स्वतःवरच चिडते.

त्यांचा मुलगा निखिल लंडनला, हॅरोत. काका जिन्यात पडले तेव्हापासून त्याने घरी त्यांच्यासाठी खोली तयार ठेवली होती. काकांचं एकच उत्तर, "रोप आपल्या गेटपाशी आलं की येतो. बस स्टॉपपर्यंत पोचलंय." मग निखिल मला, म्हणजे शेजारणीला, फोन करून वैतागायचा, "ताई, प्लीज, तुम्ही त्यांना कन्व्हिन्स करा ना." मी समजवायची. भिंतीशी बोललेलं बरं.

एका मार्चमध्ये भाजी द्यायला गेले, तर काका गेटपाशी गुडघे टेकून खुरप्याने काहीतरी उपटत होते. मुठीत पांढरी फुलं.

"काका, आलं की हे!"

त्यांनी वर पाहिलं नाही. "मागच्या वर्षीही आलं होतं."

असा संताप झाला माझा! वर्षभर त्या निखिलची बोलणी मी खात होते.

"निखिलकडे सगळे चांगले आहेत गं," काका हळूच म्हणाले. "पण तिथे मी पाहुणा."

मी खुरपं त्यांच्या हातातून घेतलं. त्यांना हात देऊन उठवलं, राहिलेली रोपं स्वतःच उपटली आणि सगळी कचऱ्याच्या बिनमध्ये कोंबली.

संध्याकाळी निखिलचा फोन आला. "ताई, आला का तो प्लांट?"

"नाही रे," मी म्हटलं. "अजून बस स्टॉपपाशीच आहे."