सलमाचा दम

हे लिहायला बसेपर्यंत मी कुणाजवळ यातलं एक अक्षरही बोललेले नाही. नवऱ्याजवळ नाही, बहिणीजवळ नाही. आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, तिला तर नाहीच. नऊ वर्षं झाली. नाशकातल्या आमच्या ट्रेकिंग ग्रुपमध्ये नवीन मुली येतात, तेव्हा जुन्या मुली त्यांना माझ्याबद्दल सांगतात — वंदनाताई कशा आहेत माहितीये का, मैत्रिणीसाठी अख्खा डोंगर सोडला त्यांनी. मी बुटाची नाडी बांधत असते. ऐकू येतं. नाडी बांधायला मग जरा जास्तच वेळ लागतो.

पण थांबा. आधी आनंदाचं सांगते, कारण आनंद खरा आहे आणि तो माझ्या गोष्टीखाली दडपला जायला नको.

गेल्या डिसेंबरात सलमा शेख — वय एक्केचाळीस, नाशकात गणिताची शिक्षिका, मूळची येवल्याची, घरात तीन पिढ्या पैठणी विणणाऱ्यांच्या — हिमाचलातल्या एका गावामागचा बर्फाचा डोंगर स्वतःच्या पायांनी चढली, आणि स्कीवरून एकदाही न पडता खाली उतरली. तिथं दोरीचा पाळणा नाही, वर नेणारं यंत्र नाही. स्कीच्या तळाला एक केसाळ पट्टी चिकटवायची, म्हणजे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. तशी पावलं ओढत तीन-चार तास चढायचं. वर पोचलं की पट्ट्या काढायच्या आणि सुटायचं. सलमा सुटली. मी पाहिलं. असं काही मी आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही.

हे तिला नऊ वर्षं आधीच मिळायचं होतं. मिळालं नाही. का नाही — तेच सांगायचंय.

तेव्हा मी अडतीस वर्षांची होते. ओझरच्या विमान कारखान्यात नोकरी, आणि शनिवार-रविवार डोंगर. अंजनेरी, हरिहर, साल्हेर — किती वेळा गेले असेन याची गणती नाही. ग्रुपची मी लीडर. नवख्या पोरींना मी दर ट्रेकच्या आधी एकच वाक्य सांगायचे — भीती वाटली तर सांगा, त्यात लाज कसली? हे वाक्य मी किती सहज बोलायचे, तेवढं फक्त लक्षात ठेवा.

सलमा माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिची नि माझी ओळख डोंगरातलीच. एकदा रामशेजच्या पायऱ्यांवर डबा खाताना तिनं मला सांगितलं होतं, की लहानपणी तिला दमा होता. रात्र रात्र तिची अम्मी तिला उशीला टेकवून बसवायची. दहा-अकराव्या वर्षी तो गेला तो गेलाच. मग आम्ही दोघींनी हिमाचलात स्की शिकायचं ठरवलं, आणि त्या कोर्सचा फॉर्म भरताना तिनं ती गोष्ट लिहिली नाही.

“लिहिलं तर घेणारच नाहीत गं ताई,” ती म्हणाली होती. “वीस वर्षांत एकदा पण काही झालेलं नाही. तुला सांगितलं, बास.”

मला सांगितलं. फक्त मला.

त्या वर्षी हिमाचलात बर्फ लवकर पडलं होतं. आम्ही दोघी त्या गावात पोचलो तेव्हा देवदारांच्या फांद्या वाकलेल्या आणि गावकरी छपरावरचं बर्फ फावड्यानं ओढत होते. आमचे गाईड प्रेमसिंग, तिथलेच. त्यांची बहीण निर्मला त्यांच्यासोबत काम करायची. पाच दिवस गावाजवळच्या सोप्या उतारावर पडत-झडत शिकलो. सलमा भराभर शिकली. मी पण शिकले, बरी. सहाव्या दिवशी प्रेमसिंग म्हणाले, उद्या मागच्या डोंगरावर. उन्हाळ्यात गावातल्या बायका जिथं गवत कापायला जातात, तिथल्या धारेवर.

चढताना प्रेमसिंगच्या मागे मी, माझ्या मागे सलमा, शेवटी निर्मला. सकाळभर तिचा श्वास माझ्या पाठीमागे ऐकू येत होता — एका लयीत, शांत. मध्येच ती गुणगुणत पण होती. हे मी मुद्दाम लिहितेय. कारण नंतर मी जे बोलले, ते हे सगळं ऐकून बोलले.

धारेवर पोचलो आणि मी खाली पाहिलं.

आपल्या सह्याद्रीत कितीही उभा कडा असू द्या, खडक असतो. हाताला धरायला काहीतरी असतं — खोबणी, झुडूप, नाहीतर दगडात कोरलेली पायरी. इथं काहीच नव्हतं. पांढरा उतार, आणि हंगामातलं पहिलंच बर्फ असल्यानं उजवीकडे मधूनमधून काळे दगड डोकं वर काढून होते. प्रेमसिंगनी काठी खुपसून दाखवलं, इकडे थर पातळ आहे, डावीकडूनच उतरायचं. मी मान डोलावली. दोन्ही काठ्या बर्फात खोल रोवून तिथंच उभी राहिले. पायात त्या लांब फळ्या बांधून मी या उतारावर स्वतःला सोडून देणार? मी?

तीन शब्द पुरले असते. मला भीती वाटते. कुणी हसलं नसतं. प्रेमसिंग मला पायी खाली घेऊन गेले असते, सलमा निर्मलासोबत उतरली असती, संध्याकाळी आम्ही चहा प्यायलो असतो. पण मग नाशकात परतल्यावर काय सांगायचं? लीडर घाबरली?

सलमा दहा-बारा पावलांवर बसून स्कीच्या पट्ट्या सोलून काढत होती. मी प्रेमसिंगजवळ गेले. आवाज खाली केला.

“सर, सलमा को बचपन में दमा था। फॉर्म में नहीं लिखा उसने। सुबह से उसकी साँस ठीक नहीं लग रही।”

पहिली दोन वाक्यं खरी. तिसरं खोटं. आणि पहिली दोन तिनं विश्वासानं माझ्याजवळ ठेवलेली होती — ती मी तिसऱ्याला आधार म्हणून वापरली.

प्रेमसिंगचा चेहराच उतरला. ते सलमाजवळ जाऊन बसले आणि अगदी हळुवारपणे म्हणाले, मॅडम, आज इथूनच परत. उंचीवर तुमच्या छातीला झेपत नाहीये.

“पण मला काहीच होत नाहीये!” ती मराठीतच बोलली. मग माझ्याकडे पाहिलं. “ताई, सांग ना त्यांना.”

मी म्हणाले, “सर म्हणतायत तर ऐकू या.”

इथं थांबले असते तरी एक वेळ — नाही, तसं नाही म्हणणार. पण पुढे जे झालं ते जास्त वाईट आहे. प्रेमसिंग मला म्हणाले, निर्मला यांना आल्या वाटेनं खाली नेईल, तुम्ही चला माझ्यासोबत. आता? आता तर मला उतरावंच लागलं असतं. तेव्हा मी मोठ्यानं, सलमाला ऐकू जाईल असं म्हणाले, “नहीं सर। साथ आए हैं, साथ ही उतरेंगे।”

सलमा रडायला लागली. तिनं मला मिठी मारली. स्की खांद्यावर टाकून आम्ही जंगलाच्या वाटेनं चालत खाली आलो, आणि वाटेत ती सारखी म्हणत होती, माझ्यामुळे तुझं राहिलं.

नाशकात ग्रुपच्या बैठकीत तिनंच ही गोष्ट सगळ्यांना सांगितली. टाळ्या वाजल्या. मी उठून हात जोडले. हो, जोडले.

त्यानंतर सलमा बदलली. ती आता ट्रेकमध्ये सगळ्यांच्या मागे चालायची. डॉक्टरांकडून पंप आणून सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवायची, न लागणारा. कुणी गमतीनं म्हणायचं, सलमा, जरा दम खा! ती हसायची. माझ्या देखत स्वतःच्या छातीवर हात ठेवून श्वास मोजायची, जणू आत कुणी परकं बसलंय. तिचा स्वतःच्या शरीरावरचा भरवसा मी एका वाक्यात काढून घेतला होता, आणि तो परत देणं माझ्याच हातात होतं. दर शनिवारी होतं. मी दिला नाही.

तो तिनं स्वतः मिळवला. दीड वर्षापूर्वी शाळेत शिक्षकांची तपासणी झाली. तिथल्या डॉक्टर बाईंनी तिला नळीत फुंकायला लावलं, कागद पाहिला आणि म्हणाल्या, दमा? कुणी सांगितलं तुम्हाला? माझ्यापेक्षा चांगली आहेत तुमची फुप्फुसं. सलमानं त्याच संध्याकाळी पंप कचऱ्यात टाकला. मग सुरू झालं तिचं! पाण्याचे दोन कॅन पाठीवर बांधून अंजनेरी. शाळा भरायच्या आधी मैदानावर चाकांचे स्केट घालून फेऱ्या, तोल यावा म्हणून. सहावीच्या पोरी आधी खिदळल्या, मग तिच्यामागून स्केट घालून धावायला लागल्या. दिवाळीनंतर तिचा फोन आला.

“ताई, तिकडं बर्फ पडलंय. लवकर पडलंय, त्या वर्षीसारखंच. तुझा उतार माझ्यामुळे राहिलाय ना? तुला घेऊनच जाणार.”

मी ‘बरं’ म्हणाले.

गेलो. प्रेमसिंगचे केस पांढरे झाले होते. पोचलो त्याच दुपारी त्यांच्या अंगणात चहा घेताना, निर्मला कप भरत असताना, ते सलमाला अगदी प्रेमानं म्हणाले, “साँस कैसी है अब, मॅडम? अच्छा हुआ उस दिन दीदी ने बता दिया।”

मी कप खाली ठेवला. सलमानं माझ्याकडे वळून पाहिलं.

“तू सांगितलं होतंस?”

मी मान डोलावली.

“मला वाटलं, त्यांना आपोआप दिसलं. चालताना.” ती कपातल्या चहाकडे बघत राहिली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, “काळजीपोटीच ना?”

आणि मी म्हणाले, “हो.”

दार सताड उघडं होतं. तिनं स्वतः उघडलं होतं. मी ते लावून घेतलं.

चार दिवस सराव करून आम्ही धारेवर गेलो. स्वच्छ ऊन. तोच उतार, डावीकडे गुळगुळीत, उजवीकडे दगड. प्रेमसिंगनी बर्फात खड्डा खणून थर तपासले आणि सलमाला खूण केली. तिनं दुपट्टा जाकिटात खोचला, एकदा छाती भरून श्वास घेतला — मोजला नाही, नुसता घेतला — आणि गेली.

पहिलं वळण जरा अडखळतं. दुसरं बरं. तिसऱ्यापासून ती उतारावर नव्हतीच, उतार तिच्यासोबत चालला होता. बर्फ तिच्या मागे पिठासारखं उडत होतं. चर्र, चर्र असा आवाज वरपर्यंत येत होता, आणि मधूनच एक आरोळी — शाळेच्या वर्गात कुणी ऐकली नसेल अशी. निर्मला टाळ्या पिटत होती. मी ओरडत होते, काय ते आठवत नाही. खाली, ठिपक्याएवढी, ती थांबली आणि दोन्ही काठ्या वर केल्या. मी रडत होते हो. आनंदानंच. खोटं सांगत नाही — निदान हे तरी नाही.

“ताई, ये!” खालून हाक आली. “लय भारी! ये!”

मी पुन्हा काठ्या बर्फात खोल रोवल्या. यावेळी मी प्रेमसिंगकडे वळून म्हणाले, “सर, मुझे डर लग रहा है।”

“लगना चाहिए,” ते म्हणाले, आणि माझ्या पुढे झाले. “मेरे पीछे आइए।”

इतकं सोपं होतं. त्यांच्या रेघेवरून मी उतरले. तीनदा पडले, एकदा तोंडावर. नाकात बर्फ, कोपर सोलवटलेलं, आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी पोटातून हसू फुटत होतं. खाली सलमानं मला उचललंच जवळजवळ. “आता माझ्या मनात काहीच राहिलं नाही ताई,” ती म्हणाली. “तुझा उतार तुला मिळाला.”

मी तेव्हाही बोलले नाही.

आता सलमा ग्रुपची लीडर आहे. सगळ्यांच्या पुढे चालते, आणि चढावर गाते. मागच्या महिन्यात शाळेच्या तीस मुलींना अंजनेरीवर घेऊन गेली होती. ग्रुपच्या वार्षिक अंकासाठी आमच्या मैत्रीवर लिहा, असं मला सांगण्यात आलं. ते हे लिहिलंय.

छापायला देण्याआधी, येत्या रविवारी सकाळी, मी हे तिच्या घरी जाऊन तिला वाचून दाखवणार आहे. तुमच्या हातात अंक येईल तेव्हा तिनं ते ऐकलेलं असेल. त्या दिवशी धारेवर तिचा श्वास उत्तम चालला होता. घाबरले मी होते. आणि नऊ वर्षांनी अंगणात तिनं विचारलं, तेव्हाही मी खोटं बोलले. डोंगर तिनं तिच्या दमावर जिंकला, माझ्या सोबतीवर नाही. एवढंच आहे.