मावशीच्या गाण्याचा वाढवलेला ठेका

एखादा माणूस माझ्या मनातून उतरला की कायमचा उतरतो. लोक याला खुनशीपणा म्हणतात. म्हणोत बापडे.

तुंगार्लीतल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. तिथे मी ध्वनिमुद्रणाचं काम करायचे. मालक स्वतःला संगीतकार म्हणवायचे, गायकही म्हणवायचे. त्यांना हळदीची जुनी गाणी हवी होती, म्हणून मीच हौसेने माझ्या मावशीला आंदर मावळातून घेऊन आले. तिच्याकडच्या गावांत तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नसे. ती एक ओळ म्हणते, थांबते, आणि बाकीच्या बाया ती ओळ उचलतात. अर्धं गाणं त्या थांबण्यात असतं. लय धरून ठेवायला हेडफोनमध्ये वाजणाऱ्या टिकटिकीवर गायला तिने साफ नकार दिला.

"त्या टिकटिकीच्या मागं मी कशाला पळू? तिलाच म्हनावं, माझ्यामागं ये."

मग मी तिला तिच्या चालीने गाऊ दिलं आणि नंतर सॉफ्टवेअरमध्ये ओळीओळीला तिच्या श्वासाप्रमाणे ठेका बसवला. डोळे दुखेपर्यंत बसले होते.

मी रजेवर असताना मालकांनी सॉफ्टवेअरमधला तोच प्रोजेक्ट उघडला. टेम्पोचा, म्हणजे वेगाचा, आकडा वर नेला, त्याच्यासोबत मावशीचा आवाजही पळवला. वेगाबरोबर सूर चढला, तो तसाच राहू दिला. थांबायच्या जागा कापल्या, खाली डीजेचा धडधडाट भरला आणि गाणं इंटरनेटवर सोडून दिलं.

हे मला कळलं टाकव्यातल्या एका हळदीत. मावशी नवरदेवाच्या पाटाजवळ गायला बसली होती, आणि त्याच्या मित्रांनी स्पीकरवर तिचंच गाणं लावलं. चिरका, घाईघाईत बडबडणारा आवाज. बायांना ओळ उचलायला जागाच मिळेना. आधी पोरं हसली, मग बायाही तोंडाला पदर लावून हसल्या. मावशी हळदीचे हात पुसत उठली. त्यानंतर तिने कुठल्याच हळदीत तोंड उघडलं नाही. बोलावणं आलं की गुडघे दुखतात म्हणायची. गुडघे चांगले ठणठणीत होते.

मी मालकांना जाब विचारला.

"अगं, लोकांना नाचायला हवं असतं," ते म्हणाले. "तुझ्या मावशीला फेमस केलं मी. आभार मानायचे सोडून भांडतेस काय?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नोकरी सोडली नाही. उट्टं काढायचं तर जवळ राहायला हवं होतं.

संधी आली लोणावळ्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये. मालकांच्या स्वतःच्या गाण्यांचा कार्यक्रम होता. आवाज त्यांचा, वाद्यं लॅपटॉपवरून, आणि लॅपटॉपवर मी. शेवटचं गाणं त्यांचं सगळ्यात लाडकं. त्या प्रोजेक्टमध्ये मी टेम्पोची रेषा सुरुवातीपासून हळूहळू चढती ओढून ठेवली होती. एकदम वाढवला असता तर ते तिथेच थांबले असते. पहिल्या कडव्यात छान रंगले. दुसऱ्यात प्रेक्षकांनी टाळ्यांचा ताल धरला, आणि टाळ्याही ठेक्याबरोबर पळत सुटल्या. तिसऱ्यात मालकांचे शब्द गळायला लागले. त्यांनी हात खाली दाबून मला 'हळू' अशी खूण केली. ती मला बरोबर कळली होती. तरी मी वेगाला हात लावला नाही, वाद्यांचा आवाज तेवढा बारीक केला. मग हॉलभर नुसती त्यांची धाप ऐकू येऊ लागली. पुढच्या रांगेतले पाहुणे हसले, आणि मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. गेली तर गेली.

लॅपटॉपशेजारी मोबाइल उभा करून मी सगळं टिपलं होतं. ते घेऊन थेट मावशीकडे गेले. ओसरीवर बसून तिने पाहिलं, पुन्हा लावायला सांगितलं, मग गालातल्या गालात हसली. मला वाटलं, जिंकलो आपण.

"मग आता जाशील ना हळदीला?" मी विचारलं.

"आन् माझं ते गानं? ते बंद झालं का?"

ते कुठलं बंद व्हायला? घरोघरच्या मोबाइलमध्ये गेलेल्या गाण्याचा वेग मला आता बदलता येणार नव्हता.

"नाही गं," मी म्हणाले.

तिचं हसू गेलं. मोबाइल माझ्या हातात परत देत ती म्हणाली, "मग येवढ्यावरच सोडलंस व्हय त्याला?"