रॉकेट सरळ केलं तेव्हा

लेकीनं शाळेसाठी अगदी बरोबर बनवलेलं रॉकेट मी उलटं करून ठेवलं.

आम्ही तेव्हा अमेरिकेत, अर्विंगला राहत होतो. चौथीच्या मुलांनी एकेक थोर व्यक्ती बनून यायचं आणि जमलेल्या पालकांना ‘स्वतःची’ गोष्ट सांगायची, असा शाळेचा बेत होता. आमच्या छोट्या बाईसाहेबांनी निवडला एक टकलू, मिशाळ प्रोफेसर. त्यानं पातळ इंधनावरचं जगातलं पहिलं रॉकेट नात्यातल्या मावशीच्या शेतातून उडवलं. ते जेमतेम वर गेलं आणि कोबीत जाऊन पडलं. पेपरवाले या माणसाला हसायचे, हे वाचून लेक इतकी चिडली, की “मी बोलताना प्रोफेसरांना कोणी हसायचं नाही,” असं तिनं घरात सगळ्यांना बजावलं. सगळ्यांना म्हणजे मला, बायकोला आणि नागपूरहून आलेल्या सासूबाईंना.

त्या सकाळी ती आरशासमोर मिशी चिकटवत होती. मी रॉकेट खोक्यात भरायला घेतलं आणि बघतो तर काय, जाळ निघायचं नरसाळं वर, इंधनाच्या टाक्या खाली! तिला विचारावं, निदान तिच्या पुस्तकातलं चित्र बघावं, असलं काही मनात आलं नाही. मी इंजिनिअर. शिवाय दिवाळीत बाण उडवलेला माणूस. नरसाळं उपटलं, खाली चिकटवलं आणि वर फॉइलची टोकदार टोपी बसवली. काय देखणं दिसत होतं!

शाळेत तिच्या मागच्या टेबलावर रॉकेट मीच मांडलं. लेकीनं मिशी सावरत फर्ड्या इंग्रजीत सुरुवात केली, “माझ्या रॉकेटचं इंजिन वर होतं. वरून ओढलं की ते सरळ जाईल, असं मला वाटलं.” आणि मागे न बघताच ऐटीत बोट दाखवलं ते मी बसवलेल्या टोपीकडे.

समोरचे एक गृहस्थ फिसकन हसले. लेकीचा चेहरा उतरला. तिनं टोपीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भिंतीवरचा नकाशा बघू लागलो. तिनं रॉकेट उचललं, उलटं करून टेबलावर दाबून उभं केलं, टोपी चपटी झाली.

“माय डॅड हेल्प्ड,” ती म्हणाली.

हॉल खो खो हसला, पण माझ्याकडे बघून. प्रोफेसर सुटले.

परतताना गाडीत मी म्हटलं, “पुढच्या वर्षी आपण आधी नीट प्लॅन करू...”

“बाबा, स्टॉप.”

मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, पुढच्या वर्षी तुम्ही नुसती गाडी चालवा. तीही रस्ता तिला विचारून.”