खालची नळी

हे मी आजवर कुणापाशी बोललो नाही. बायको शेवटचं आजारी होती, महिनाभर तिच्या उशाशी बसून होतो, तेव्हाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? ठाऊक नाही. बसा, ऐका.

यवतमाळला मी मोटारींचा मिस्त्री होतो. तिथल्या एका धर्मादाय मंडळाची फिरत्या दवाखान्याची गाडी होती. विलायती, जुनी, आत झोपायला दोन फळ्या, एक स्टोव्ह, औषधांचं कपाट. डॉक्टर आणि नर्सबाई चार-चार दिवस त्या गाडीतच राहायचे, गावोगाव फिरायचे. गाडी चालवायचा किसन. माझ्याच वयाचा, कमी बोलणारा. घरच्या सगळ्यांनी बौद्ध धम्म घेऊन चार-पाच वर्षं झाली होती. मंडळातल्या काही जणांना ते खुपायचं. हे मला माहीत होतं — लक्षात ठेवा, मला माहीत होतं.

त्या उन्हाळ्यात गाडी माझ्याकडे आली. रेडिएटर आणि इंजिन यांच्यात पाणी फिरवणाऱ्या दोन लोखंडी नळ्या गंजून त्यांचे पापुद्रे सुटले होते. दोन्ही बदलायच्या ठरल्या. मी नव्या नळ्या वाकवून तयार केल्या. वरची बसवली. खालची मात्र अवघड जागी होती, तिचे बोल्ट गंजून जाम झाले होते. एक तुटला. वाटलं, आणखी जोर लावला तर इंजिनाचा कान, म्हणजे बोल्ट बसतो तो ओतीव भागच तुटेल आणि विलायती गाडीचा मिस्त्री म्हणून जे नाव होतं ते जाईल. मग मी काय केलं? जुनी नळी घासली, गळती बुजवायचा सफेदा लावून कापड गुंडाळलं, वरून काळा रंग दिला. नवी नळी कोपऱ्यात उभी करून ठेवली.

किसन गाडी न्यायला आला. म्हणाला, "मिस्तरी, दोनही बदलल्या ना? फुलसावंगीकडच्या तांड्यांवर जा लागते. रस्ता लय खराब हाय."

"दोन्ही," मी म्हणालो.

त्यानं वाकून पाहिलंसुद्धा नाही. विश्वास ठेवला.

चौथ्या दिवशी दुपारी एस.टी.च्या ड्रायव्हरकडून निरोप आला — गाडी रस्त्यात बंद पडली आहे, मिस्त्रीला पाठवा. काय बिघडलंय ते निरोपात नव्हतं. तरी निघताना मी ती नवी नळी पोत्यात गुंडाळून बरोबर घेतली. कुणी सांगितलं होतं मला?

पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. गाडीजवळ एकटे डॉक्टर, दगडावर बसलेले. त्यांनी सांगितलं ते असं : तांड्यावरची एक बाई अडली होती. मूल आडवं. तिला गाडीत घालून यवतमाळकडे निघाले. वाटेत इंजिन तापलं, वाफ उसळली, गाडी थांबली. किसन खाली शिरून खटपट करत होता, नाल्यातून पाणी आणून आणून ओतत होता. डॉक्टर आणि नर्सबाई आत बाईजवळ. ती तिथंच गेली, त्या फळीवर, पोटातल्या मुलासकट. मग बैलगाडी मिळाली. तिचा नवरा, किसन आणि नर्सबाई तिला घेऊन तांड्यावर परत गेले होते.

मी गाडीखाली शिरलो. खालची नळी मधोमध फुटली होती. किसननं तिला स्वतःचा शेला आवळून बांधला होता, ओला, चिखलानं भरलेला.

डॉक्टर गाडीकडे पाठ करून बसले होते. मी छिन्नी घेतली आणि बोल्ट तोडले. इंजिनाचा कान शाबूत राहिला. ज्या कामाला घाबरलो होतो ते तासाभरात झालं. नवी नळी बसवली. फुटकी नळी शेल्यासकट नाल्याच्या डोहात टाकली. बाहेर येऊन हात पुसले आणि डॉक्टरांना म्हणालो, "नळ्या चांगल्या आहेत, साहेब. गाडीत पाणीच भरलेलं नसावं."

माझी चूक नळी न बदलण्याची होती असं तुम्हाला आतापर्यंत वाटलं असेल. ती मी कधीतरी बोलूनही दाखवली असती. पण हे?

आठवड्यानं मंडळानं चौकशीला बोलावलं. गाडी समोर अंगणातच उभी होती, खालची नळी सगळ्यांनी वाकून पाहिली होती. किसन उभा होता, मी खुर्चीवर. तो म्हणाला, "साहेब, नळी फुटली होती. म्या माह्या हातानं शेला बांधला तिले." मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "मिस्तरी, गाडी चार दिवस धुळीत फिरून राह्यली होती. मंग ह्या नळीले धूळ काहून नाही?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी म्हणालो, "तपासताना मी पुसली."

तेवढ्यानं भागलं. एक गृहस्थ म्हणाले, "ह्या लोकांले जबाबदारीचं काम देऊ नये, म्हनलं होतं मी." किसननं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडेच पाहत राहिला. कुणाचं खरं मानलं जाणार, हे तिथं खुर्चीवर बसायच्या आधीपासून मला ठाऊक होतं. त्याच भरवशावर तर मी बोललो.

त्याला काढलं. ड्रायव्हरकी पुन्हा कुणी दिली नाही. पुढं तो मुकुटबनकडे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेला. त्या बाईचं नाव सोनी होतं. ते मला वर्षभरानं कळलं, तेही तांड्यावरचा एक माणूस सहज बोलून गेला म्हणून. मी स्वतः कधी विचारलं नव्हतं. पहिलटकरीण होती. मी दुकान वाढवलं. लोक विलायती गाड्या माझ्याकडेच आणत.

एकदा यवतमाळच्या बाजारात किसन समोर आला. केस पिकले होते, एका डोळ्यात खडीचा कण जाऊन तो डोळा पांढरा झाला होता. थांबला. मला वाटलं, आता सगळ्यांदेखत बोलणार. तो म्हणाला, "बरं हाय ना, मिस्तरी?"

"बरं आहे," मी म्हणालो, आणि पुढं निघालो.

पुढच्या उन्हाळ्यात तो वारल्याचं कळलं. निरोप सांगणारा माणूस अजून दारातच उभा होता. मी चेहरा पाडला, दोन शब्द बोललो. आणि आत — खोटं कशाला सांगू — मला हायसं वाटलं.