परशुरामची गाडी शेवटी

माझा भाऊ गुणाजी जाऊन आता वर्ष होईल. एक नंबरचा हट्टी माणूस! कोपरीत त्याचं लोखंडकामाचं दुकान होतं. गिऱ्हाईक "घाई आहे" म्हणालं की हा मुद्दाम बिडी पेटवायचा. पण त्याने जोडलेलं लोखंड कधी सुटलं नाही. बायको बाळंतपणातच गेली, तेव्हापासून पोरगा परशुराम हाच त्याचा संसार. मी गोदा, शेजारीच राहायचे. पोराला भरवलं मी, पण झोपायला तो बापाच्याच कुशीत जायचा.

तोच परशुराम मिलिटरीत ड्रायव्हर झाला. अठ्ठेचाळीस साल, काश्मीरात लढाई पेटलेली. त्यांच्या चार चिलखती गाड्या तिकडे जायच्या होत्या. तो बापाला म्हणाला, "बाबा, तिकडं माणूस खांद्यावर नळी धरून रॉकेट सोडतो. एवढा जाड पत्रा, पण आरपार जातंय."

गुणाजीला दोन दिवस जेवण गेलं नाही. मग सळ्या आणि जाड तार आणून त्याने जाळी बनवली आणि नमुना म्हणून दुकानातल्या एका जाड पत्र्यापासून हातभर लांब उभी केली. मी म्हटलं, "अरे, एवढी लांब कशाला? चिकटवून टाक की." तर माझ्यावरच डाफरला.

"गोदे, रॉकेट जाळीवरच फुटलं पाहिजे. त्याची आग मधल्या जागेत वाया गेली पाहिजे. चिकटवली तर पोरं भाजतील आत!"

परशुरामच्या साहेबांना ते पटलं आणि गाड्या दुकानासमोर येऊन उभ्या राहिल्या. आता ऐका त्याचं शहाणपण. आमच्यात पाहुण्यांना आधी वाढतात, घरचे मागाहून जेवतात. गाड्यांचंही त्याने तसंच केलं. "लोकांची पोरं आधी," म्हणाला. "आपल्या परशाची शेवटी, निवांत करीन." मला तेव्हा कौतुकच वाटलं हो.

तीन गाड्या झाल्या आणि खंडेनवमी आली. हत्यारं धुऊन पूजेला मांडली, हळदकुंकू वाहिलं, झेंडू घातला. एकदा मांडली की दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही, ही बापजाद्यांची रीत. गाड्या निघायला अजून अवकाश होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. तर दुपारी परशुराम धावत आला. हुकूम बदलला होता. गाड्या संध्याकाळीच रेल्वेवर चढायच्या होत्या.

गुणाजी उठून पूजेपाशी गेला. परशुरामनेच त्याचा हात धरला. "बाबा, नको. मांडलेली हत्यारं उचललीस तर अपशकुन होईल. तिकडं वर्कशॉप आहे, ते लावतील जाळी."

जन्मभर कुणाचं न ऐकलेला माणूस, पोराचं तेवढं ऐकलं त्याने. जळो मेली ती रीत! मी तरी कुठे बोलले काही? शेवया केल्या होत्या, त्या वाढत बसले.

दिवाळी झाल्यावर परशुराम गेल्याची तार आली. गुणाजी रडला नाही. दुकान उघडलं, भट्टी पेटवली आणि कुणाच्या तरी बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव ठोकत बसला.

पुढच्या उन्हाळ्यात विश्राम नावाचा डोंबिवलीचा ड्रायव्हर पेढे घेऊन आला. परशुरामच्या पुढची गाडी त्याची. गुणाजीच्या पायावर डोकंच ठेवलं त्याने. "काका, पहिलं रॉकेट माझ्या गाडीला लागलं. तुमच्या जाळीवर फुटलं, मला खरचटलंसुद्धा नाही. दुसरं परशाच्या गाडीला. तिला तिकडे जाळी लावलीच नव्हती कुणी."

गुणाजीने त्याला जेवू घातलं. "घे रे, अजून एक भाकर घे," असा आग्रह करकरून. हात धुवायला पाणीही स्वतः घातलं. मग म्हणाला, "बाळा, वाचलास, बरं झालं. शंभर वर्षं जग. पण पुन्हा माझ्या दारात येऊ नको."

पोरगं घाबरलं. "काका, माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकणार रे? तुझी गाडी मी आधी घेतली. तुला बघितलं की वाटतं, का घेतली? असं वाटू नये माणसाला. पण मला वाटतं रे, मी काय करू?"

आणि तिथेच ओसरीवर बसून माझा भाऊ ओक्साबोक्शी रडायला लागला.