एका आंघोळीचं सुतक

सोशल वर्कच्या दुसऱ्या वर्षाला गटाने करायच्या फील्डवर्कसाठी आम्हाला नेपाळी वस्ती मिळाली, तेव्हा वर्गातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. जणू मी काठमांडूहूनच आले होते. मी पुण्याची. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमागे न्यूझीलंडमधल्या अप्पर हटला आलेली, आणि चाळिशीच्या तोंडावर पुन्हा कॉलेजात जाऊन बसलेली. पुण्यात सोसायटीच्या गुरख्याला हाक मारण्यापलीकडे नेपाळशी माझा कधी संबंध आला नव्हता, पण हे मी कोणाला सांगितलं नाही. एवढ्या लोकांनी एकदम आशेने पाहिलं की खोटं पाडवत नाही.

आमचा गट तिघींचा. एक माओरी बाई, पन्नाशी ओलांडलेली, नातवंडं झाल्यावर शिकायचं मनावर घेतलेली. दुसरी गायींच्या फार्मवर वाढलेली गोरी मुलगी, विशीतली. तिला काहीही सांगा, ती ‘स्वीट ॲज’ म्हणजे ‘एकदम मस्त’ म्हणायची आणि बहुतेक वेळा ते खरंही करून दाखवायची. २०१४ च्या हिवाळ्यापासून आठवड्यातून दोनदा आम्ही माओरी मैत्रिणीच्या जुन्या सुबारूतून उत्तरेकडच्या एका लहान गावात जात असू. गाडीत कुत्र्याचे केस, चिप्सची पाकिटं आणि तिच्या नातवाची एक अनाथ रबरी चप्पल कायम असायची.

ही माणसं नेपाळी बोलणारी, पण मूळची भूतानच्या खेड्यांतली. तिथून हाकलली गेली. मग पूर्व नेपाळच्या निर्वासित छावण्यांत बांबूच्या झोपड्यांमध्ये वीसेक वर्षं काढली, आणि शेवटी न्यूझीलंडने त्यांना घरं दिली. जन्मभर शेती केलेली माणसं. इथे घरामागे हिरवंगार लॉन मिळाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर ते खणून तिथे मोहरीची भाजी लावली. शेजारच्या कुंपणाच्या फळ्याही काढल्या, येणंजाणं सोपं पडावं म्हणून. ही घरं देणाऱ्या सरकारी खात्याचा माणूस येऊन कपाळाला हात लावून गेला. बघता बघता त्या एका गल्लीचं खेडं झालं होतं.

आमचं काम म्हणजे वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांचा गट चालवायचा आणि त्यांच्या गरजा ‘समजून घ्यायच्या’. पहिल्या दिवशी आम्ही मोठे कागद भिंतीला चिकटवले, रंगीत पेनं घेतली आणि विचारलं, तुम्हाला कशाची गरज आहे?  मग पुढे बसलेल्या एका म्हातारीने आम्हालाच विचारलं की तुम्ही जेवलात का. ती आमा. आमा म्हणजे आई. सगळी वस्ती तिला आमाच म्हणायची, कारण तिच्याहून मोठं तिथे कोणी उरलं नव्हतं. तिचं नेपाळी आणि माझं मोडकंतोडकं हिंदी यांचं छान जमलं. आठवडाभरात मी तिची छोरी झाले. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की ज्यांच्यासोबत काम करायचं त्यांच्यापासून ठरावीक अंतर ठेवा. त्या अंतराचं काय करायचं ते आमाला ठाऊक नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

आमा मुलाकडे राहायची. मुलगा भाज्यांच्या पॅकिंग शेडमध्ये कामाला, सून घरी. आमाची एकुलती एक मुलगी मात्र नेपाळातच राहिली होती. छावणीत असतानाच तिने बाहेरच्या एका नेपाळी मुलाशी लग्न केलं, त्यामुळे इकडे येणाऱ्यांत तिचं नाव आलंच नाही. विमानतळावर आमाने तिचा हात सोडला नव्हता म्हणे, सोडवावा लागला. आता दर शनिवारी फोनवर तोंड दिसायचं. आमा फोन नाकाला लावून बोलायची, त्यामुळे पलीकडून लेकीला कायम आईची एक नाकपुडीच दिसत असणार. पण दोघींची तक्रार नव्हती.

सप्टेंबर संपत आला तशी वस्तीत दशैंची तयारी सुरू झाली. दशैं म्हणजे आपलं नवरात्र आणि दसरा. आपल्यासारखीच घटस्थापना, आपल्यासारखंच धान्य पेरणं. अंधारात उगवलेल्या त्या पिवळट अंकुरांना ते जमरा म्हणतात. दसऱ्याला घरातलं सगळ्यांत मोठं माणूस धाकट्यांच्या कपाळावर दही-तांदळाचा लाल टीका लावतं, कानामागे जमरा खोचतं आणि आशीर्वाद देतं. पुढे पौर्णिमेपर्यंत लोक टीका घ्यायला येत राहतात. आमाला इथे आल्यापासून हा सण मिळालाच नव्हता. आल्या आल्या नवरा गेला, त्याच्या सुतकाचं वर्ष पाळण्यात एक दशैं गेला, दुसऱ्या वर्षी दीर गेला. हा तिचा इथला पहिला दशैं. तिने जमरा कपड्यांच्या कपाटात पेरला होता, आणि दिवसातून दहादा कपाट उघडून बघायची. माझ्या घरी गराजमध्ये घट बसला होता, त्याच्या अंकुरांची उंची ती मला विचारायची. तिचे उंच निघाले की खूश.

सप्तमीच्या दिवशी आम्ही पोचलो तेव्हा सून दारातच होती. तिने मला हाताला धरून गराजमध्ये नेलं, कांद्यांच्या पोत्यांमागे. पहाटे नेपाळहून फोन आला होता. नणंद गेली. काविळीचं निमित्त झालं, अंगावर काढलं, मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. घराच्या आतून आमाचा आवाज येत होता. ती फार्मवरच्या मुलीला पीठ कसं मळायचं ते नेपाळीत समजावत होती आणि ती इंग्रजीत हो हो म्हणत होती.

तेवढ्यात मुलगाही गराजमध्ये आला. त्याचे डोळे सुजले होते. आईला त्याने सर्दी झाल्याचं सांगितलं होतं. मी म्हटलं, आमाला कधी सांगणार? त्याने मान हलवली. आता सांगितलं तर सुतक लागणार आणि सगळा सण त्यातच जाणार, असं त्याने धरलं होतं. सुतकाला त्यांच्यात जूठो म्हणतात. म्हणजे लाल नेसायचं नाही, टीका लावायचा नाही, मीठसुद्धा नाही. सगळी वस्ती आमाच्या हातचा टीका घ्यायला येणार होती.

“दिदी, आमाला एक दशैं मिळू दे,” तो म्हणाला. “पौर्णिमा झाली की मी सांगतो. मीच सांगतो.”

मी त्याला म्हटलं की हे बरोबर नाही, आजच सांग. त्याने माझ्यापुढे हात जोडले. वयाने माझ्याएवढा माणूस. मी त्याचे हात धरून खाली घेतले.

परत जाताना मी गाडीत दोघींना सांगितलं. माओरी मैत्रिणीने गाडी रस्त्याकडेला, मेंढ्यांच्या कुरणाशेजारी उभी केली. तिला हे समजूच शकत नव्हतं. माओरींमध्ये माणूस गेलं की सगळे हातातलं टाकून निघतात. मयताला पुरेपर्यंत क्षणभर एकटं सोडत नाहीत, आणि त्याच्या माणसांनाही नाही. ती म्हणाली, “ती आई आहे. तिच्याकडून काय काढून घेताय, कळतंय का तुम्हाला?” या ‘तुम्हाला’मध्ये तिने मलाही धरलं होतं आणि मला राग आला. राग यासाठी की मला मुलाचं वागणं चूक वाटत होतं आणि समजतही होतं.

आमच्याकडची माणसं बातमी दाबण्यात पटाईत. मी पहिल्या वर्षाला असताना माझी काकू गेली. आईच्या आजारपणात जिने मला वाढवलं ती काकू. माझी परीक्षा होती म्हणून भावाने कळवलं नाही. तेराव्यानंतर हार घातलेल्या फोटोचा फोटो फोनवर आला, तेव्हा समजलं. मी भावाशी कडाकडा भांडले. तो म्हणाला, तू तिथून काय करणार होतीस? रडले असते, म्हटलं, आणखी काय. त्याला अजूनही वाटतं की त्याने माझ्यासाठी चांगलंच केलं, आणि तो वाईट माणूस नाही, हीच तर पंचाईत आहे.

आम्ही आमच्या शिक्षिकेला फोन केला. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की ही घरातली गोष्ट आहे, कधी सांगायचं ते घरचेच ठरवणार, तुम्ही परस्पर सांगू नका, सोबत राहा. म्हणजे आम्ही सोबत राहिलो.

दसऱ्याला सगळी वस्ती आमाकडे लोटली. विधवेने लाल नेसू नये ही जुनी रीत वस्तीने छावणीतच सोडून दिली होती. आमा लाल साडी नेसून, गळ्यात पोवळी घालून घोंगडीवर बसली होती. तिला मी इतकं देखणं कधी पाहिलं नव्हतं. फार्मवरच्या मुलीच्या कपाळावर तिने एवढा मोठा टीका लावला की दही नाकावर ओघळलं आणि सगळे हसले. माओरी मैत्रिणीच्या कानामागे जमरा खोचला. मैत्रिणीने मग माओरी रीतीप्रमाणे तिच्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक लावलं, तेव्हा अर्धा टीका परत आमालाच लागला. आमाला ते फार आवडलं. मुलगा पुढे येऊन वाकला आणि तिचा हात कपाळाला लागताच हुंदके देऊन रडायला लागला. आमाला वाटलं, बापाची आठवण आली. तिने त्याला जवळ घेतलं आणि म्हणाली, सणाचं रडू नये. सून स्वयंपाकघरात निघून गेली. मी भिंतीकडे तोंड करून पेपर प्लेटा मोजल्यासारखं करत राहिले.

आमाने लेकीसाठी चांगला लांब जमरा बाजूला काढून ठेवला होता. फोनवर दाखवायचा आणि फोनवरच टीका लावायचा होता. ती सारखी विचारत होती, फोन लागला का? मुलगा म्हणाला, तिकडे लोडशेडिंग आहे. आमाला ते लगेच पटलं. तिकडे तसं असतंच. शनिवारीही तेच सांगितलं आणि शनिवारीही पटलं.

पौर्णिमेनंतर दोन दिवसांनी मुलाने मला आणि माओरी मैत्रिणीला बोलावलं. सकाळची वेळ होती, बाहेर लख्ख ऊन आणि नेहमीचा वारा. आमा सोफ्यावर बसून लसूण सोलत होती. मुलगा तिच्या पायाशी कार्पेटवर बसला आणि त्याने सांगून टाकलं. एका दमात, डोकं खाली घालून.

आमाच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. मला वाटलं आता ती हंबरडा फोडेल. मैत्रीण तिच्याजवळ सरकलीसुद्धा. पण आमाने फक्त विचारलं, “कधी?”

“सप्तमीला.”

ती बोटांवर दिवस मोजायला लागली. अष्टमीला मी गोड सेलरोट्या तळल्या, ती म्हणाली. नवमीला बकरा खाल्ला. दशमीला लाल नेसले. एकेक बोट मुडपत होती आणि आवाज अजिबात चढला नव्हता. मुलाने तिचे पाय धरले होते. तिने ते सोडवून घेतले नाहीत, की त्याच्या डोक्यावर हातही ठेवला नाही. मग म्हणाली, पंडिताला फोन लाव, जूठो किती दिवस ते विचार. मी आजपासून धरते.

वस्तीचा पंडित सज्जन म्हातारा होता. स्पीकरवर त्याचं बोलणं सगळ्यांना ऐकू आलं. त्याने आधी सांत्वन केलं आणि मग शास्त्र सांगितलं, ते आमच्याकडेही तसंच सांगतात. लग्न झालेली मुलगी दुसऱ्या घरची. आईबापांना तिचं सुतक तीन दिवस. ते दिवस उलटल्यावर कळलं, तर दिवस धरायचे नाहीत. डोक्यावरून आंघोळ केली की झालं.

“एक आंघोळ?” आमाने विचारलं.

“हो आमा. एक आंघोळ.”

मुलगा मघापासून रडत होता, त्याचं रडणं तिथे थांबलं. मला वाटतं त्याला त्या क्षणी कळलं, की सण वाचवताना त्याने आईचे तेवढेही दिवस घालवले होते. मला बोलता आलं असतं, तर मी पंडिताशी भांडले असते. त्याच्याशी कशाला, ज्याने कोणी हा हिशेब बसवला त्याच्याशी. नऊ महिने पोटात वागवलेल्या मुलीला तीन दिवस, आणि उशिरा कळलं तर एक तांब्या पाणी.  मैत्रीण माझा हात ओढून विचारत होती, काय म्हणाला, काय म्हणाला, आणि मला इंग्रजीत ते सांगता येत नव्हतं.

आमा उठली. लसणाची सालं पदरातून काळजीपूर्वक ताटलीत झटकली, सुनेकडून धुतलेलं पांढरं लुगडं मागून घेतलं आणि बाथरूममध्ये गेली. शॉवरचा आवाज सुरू झाला.

आम्ही बाहेर थांबलो. सुनेने चहा ठेवला, तो कोणी घेतला नाही. पाणी चालूच होतं. आतून रडण्याचा आवाज येईल म्हणून मी कान देऊन होते, पण नुसतं पाणी. एव्हाना गरम पाणी नक्कीच संपलं असणार, आणि इथे हिवाळा नुकताच सरलेला असतो, त्या दिवसांतलं गार पाणी हाडापर्यंत जातं. शेवटी सून घाबरली. तिने दारावर टकटक केली. आमा, पुरे आता, आजारी पडाल, बाहेर या.

 मग आतून आमाचा आवाज आला, अगदी रोजच्यासारखा.

“नको बोलावू. मी बाहेर आले की तिचं सुतक संपेल.”

सुनेने दारावरचा हात मागे घेतला. मैत्रिणीने विचारलं, काय म्हणाली. या वेळी मी सांगितलं. ती भिंतीला टेकून खाली कार्पेटवर बसली. तिच्या शेजारी मी, माझ्या शेजारी सून. आत पाणी वाहत होतं, आणि ते बंद करा असं मग आमच्यातलं कोणीच म्हणालं नाही.